न्हाणीबाहेरचा रेडिओ

"पंप घेता म्हणता ना? मग घेऊन दाखवा," आतून डॉक्टरांचा आवाज आला.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीच्या दाराला तेव्हा जाड पारदर्शक प्लास्टिकचा पडदा लावलेला होता. त्यातून आतलं दिसायचं आणि बाहेर बाकावर बसलेल्याला ऐकूही यायचं. आत आमच्या शाळेचे जगताप सर उभे होते. त्यांनी खिशातून दम्याचा पंप काढला, मास्क हनुवटीवर ओढला, पंप खडाखडा हलवला, मान ताठ करून सगळा श्वास बाहेर सोडला, पंप ओठांत धरून दाबला, सावकाश हवा आत ओढली आणि डोळे मिटून तसेच थांबले. जरा वेळाने त्यांनी श्वास सोडला, तोही अगदी समाधानाने.

मला त्यांची कीव आली. सरांना दमा नाही हे आमच्या सगळ्या केंद्राला माहीत होतं. शिक्षकांच्या व्हॉलीबॉलमध्ये ते अजून नेटपाशी उड्या मारायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकं बसवायचं कामही त्यांचंच, आणि इथेही त्यांनी जरा जास्तच नाटक केलं असं मला वाटलं. खरा दमेकरी असा देवापुढे उभा राहिल्यासारखा पंप घेतो का? मी लहानपणापासून घेत होते, मला ठाऊक होतं. म्हटलं, आता हे पकडले जाणार.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

सरांचं हे बरोबर असेल, तर माझं काय?

कोरोनाचं ते पहिलं वर्ष. आम्हा प्राथमिक शिक्षकांना घरोघर जाऊन ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावायचं आणि घरात कोण खोकतं ते विचारायचं काम लावलं होतं. माझ्या वाट्याला आलेली वाडी तर सगळीच्या सगळी बाधित होती. शेजारच्या केंद्रातल्या एक बाई असंच काम करता करता गेल्या. त्यांना दमा होता हे त्या गेल्यावर सगळ्यांना कळलं. ती बातमी ऐकल्यापासून मला घास गिळवत नव्हता. आदेशात सूट होती. पंचावन्नच्या पुढचे, गरोदर बाया, हृदयविकाराचे, दम्याचे यांनी घरी बसून फोनवरून काम करायचं. पण दमा आहे असं सांगणाऱ्या शिक्षकांची तालुक्यात अचानक अशी काही भर पडली, की डॉक्टर मुलाणी वैतागले. नुसत्या अर्जावर दाखला मिळणार नाही, समोर येऊन पंप घेऊन दाखवा, असं त्यांनी ठरवलं. ज्याला रोजची सवय, त्याचा हात बरोबर चालणार, असा त्यांचा हिशेब होता.

मला दमा होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांपैकी मामांनी एकच प्रश्न विचारला होता. आमच्या माणदेशात सासऱ्यांना मामा म्हणतात. "पोरीला काही दुखणं-बिखणं न्हाई न्हवं?" एवढंच. कुणीही विचारतं तसं. माझे वडील उठले, देव्हाऱ्यातला बेलभंडारा त्यांनी मुठीत उचलला आणि म्हणाले, "माझी पोरगी ठणठणीत हाय." खंडोबाचा भंडारा उचलल्यावर पुढे बोलायला काही उरत नाही. सगळ्यांनी चहा घेतला. लहानपणी मला एका गावी नेलं होतं, तिथे कोजागिरीला दम्याचं औषध घातलेली खीर देतात. ती खीर खाल्ल्यावर कांचनचा, म्हणजे माझा, आजार गेला, असं आमच्या घरात ठरलं होतं. आजाराला मात्र कुणी कळवलं नव्हतं.

पुढे वडील वारले. आता माझा दमा उघडा पडला असता, तर मी आजारी ठरले असते हे एक वेळ चाललं असतं. पण वडील भंडारा हातात घेऊन खोटं बोलले असं झालं असतं. आणि मामांचा स्वभाव असा, की शेळीचं वय खोटं सांगितलं म्हणून एका सोयऱ्याशी त्यांनी कायमचं बोलणं टाकलं होतं. भावकीतल्या एका सुनेला फिट येतात हे लपवलं म्हणून तिला माहेरी नेऊन घातली, त्या बैठकीतही ते बसले होते. तिथे ते काय बोलले ते मला कधी कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

म्हणून मी चोरून जगत होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एखादी फेरी. त्याला मी धुळीची ॲलर्जी आहे एवढंच सांगितलेलं, आणि त्यानेही कधी खोलात जाऊन विचारलं नाही. घरात मी, माझी लेक आणि मामा. पंप माझा भाऊ त्याच्या नावावर घ्यायचा आणि शाळेच्या पुस्तकांच्या पार्सलात घालून पाठवायचा. तो मी न्हाणीत, सोड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. सकाळ-संध्याकाळ न्हाणीचं दार लावून, पदर तोंडावर ओढून, भिंतीकडे वळून घ्यायची. हलवायची नाही, कारण हलवला की खडखडतो. दाबला की फुस्स होतं, त्या क्षणाला मोठ्याने खोकायची. पहिली काही वर्षं वरून नळही सोडून ठेवायची, म्हणजे आवाजावर आवाज. टँकरवर जगणाऱ्या गावात मी पाणी असं वाया घालवायची आणि तेवढा वेळ मनातल्या मनात देवाची माफी मागायची.

नंतर नळाची गरज पडेनाशी झाली. मामांना म्हातारपणी रेडिओचं वेड लागलं. बाजारातून एक रेडिओ आणून त्यांनी न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर खिळ्याला टांगला आणि सकाळ-संध्याकाळ ठणाणा लावायला लागले. कांद्याचे भाव, खतांच्या जाहिराती, भजनं, जे असेल ते. गोठ्याच्या पलीकडे शेळी शिंकली तरी ज्यांना ऐकू जायचं, त्यांना रेडिओ मात्र एवढा मोठा लागायचा. शेजारची पारूकाकी कुरकुरायची, म्हाताऱ्याचा कान गेला म्हणायची. मी आतून देवाचे आभार मानायची.

असं सगळं बेमालूम चाललेलं असताना आता दाखला काढायला मी तालुक्याला आले होते, आणि तेही मामांच्याच गाडीवर. एसटी बंद होती. घरात मी सांगितलं होतं, कामावर जायच्या आधी तपासणी आहे. ते म्हणाले, "मी सोडतो." मी नको म्हटलं, बाहेर पोलीस अडवतात, तुमचं वय झालंय, अमुक आणि तमुक. ते उपरणं तोंडाला गुंडाळून गाडी सुरू करून उभे राहिले. आता ते दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली गाडीला टेकून बसले होते. बाकावरून मला त्यांचे जोडे दिसत होते.

"लवटे बाई," आतून हाक आली.

डॉक्टर मुलाणी टेबलापलीकडे नखशिखांत पांढऱ्या पोशाखात बसले होते. चष्म्याच्या काचेवर वाफ धरलेली. आवाज बसलेला. शेजारी एक सिस्टर उभ्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, दमा कधीपासून? म्हटलं, लहानपणापासून. औषधोपचाराचे कागद?

"आहेत, पण भावाच्या नावावर आहेत."

डॉक्टरांनी मान वर केली. "दमा तुम्हाला, आणि कागद भावाच्या नावावर?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कडुलिंबाखाली बसलेल्या माणसाला ऐकू गेलं असतं. डॉक्टर सिस्टरकडे बघून थकल्यासारखे हसले. मग म्हणाले, "बरं. पंप आणलाय ना? घेऊन दाखवा."

मला वाटतं, जगताप सरांनी केलं तसंच मी केलं असतं तर सुटले असते. पण इतक्या वर्षांचा हात तसा ऐकत नाही. मी पर्समधून पंप मुठीत झाकून काढला, मास्क खाली ओढला, आपसूक भिंतीकडे वळले, पदर तोंडावर घेतला, आणि न हलवता दाबला. दाबला त्या क्षणाला मी खोकले. सवयीने, मोठ्याने, छातीच्या तळातून.

त्या वर्षी माणूस खोकला म्हणजे काय व्हायचं, ते आता सांगूनही खरं वाटायचं नाही. सिस्टर मागे सरकल्या त्या थेट कपाटावर आदळल्या. डॉक्टर खुर्ची ढकलून उभे राहिले. बाहेर बाकावरची माणसं उठून अंगणात पळाली.

"मास्क वर घ्या आधी," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा होता, पण तेही घाबरले होते. "बाई, पंप घेताना कुणी खोकतं का? औषध आत घ्यायचं का बाहेर फेकायचं? निदान शिकून तरी यायचं. बाहेर बसा तुम्ही. तुमची कोरोनाची तपासणी करायला लागेल, आणि दाखल्याचं विसरा."

मी बाहेर आले. बाक रिकामा होता. मी टेकते न टेकते तोच पाठीवर फवारणीचं यंत्र घेतलेला एक माणूस आला आणि मला उठवून त्याने बाक, भिंत, फरशी, जिथे जिथे मी होते ते सगळं औषधाने भिजवलं. मी व्हरांड्याच्या टोकाला सरकले. वास तिथेही आला. ब्लीचिंग पावडरचा असतो तसा, पण नाकातून थेट मेंदूत जाणारा.

छातीवर कुणी तरी गुडघा ठेवला.

हे मला चांगलं ओळखीचं होतं. आधी घसा खाजतो, मग बरगड्यांच्या आत बारीक शिट्टी वाजायला लागते, मग हवा आत जाते पण बाहेर यायचं नाव घेत नाही. नेहमी मला एवढा अवकाश मिळायचा, की न्हाणीपर्यंत पोचता यायचं. इथे न्हाणी नव्हती. मी खांब धरला आणि वाकले. पंप माझ्या उजव्या मुठीत होता. नुसता हात तोंडाशी न्यायचा होता.

आणि कडुलिंबाखालून मामा उठून माझ्याकडेच येत होते.

मी मूठ पदरात लपवली. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो, की जीव जायची वेळ आली होती आणि मी मूठ लपवली. डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले. वडिलांचा भंडाऱ्याने पिवळा झालेला हात मला दिसत होता. लेकीचं कसं होईल, असं मनात येत होतं. मरणाची भीती मला वाटत होतीच, पण मामांनी विचारलं तर काय सांगू, ही भीती तिच्याही वर बसली होती.

"आजोबा, लांब थांबा," फवारणीवाला ओरडला. "बाईंना लागण दिसतीय."

मामा थांबले नाहीत. उपरणं सुटून खांद्यावर आलेलं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि पदराआडच्या मुठीकडे त्यांनी बोट केलं.

"कांचन, घे त्यो," ते म्हणाले. "आज रेडिओ न्हाई आनला म्या. तशीच घे."

मला आधी ते कळलंच नाही. म्हातारा माणूस, घाबरून काहीतरी बोलतोय, असं वाटलं. मग कळलं, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तरी हात हलेना. शेवटी त्यांनीच माझी मूठ धरली आणि माझ्या तोंडापाशी नेली.

"हलवा आधी," मागून आवाज आला. डॉक्टर दारात येऊन उभे होते. "बाई, माझ्याकडे बघा. जोरात हलवा. आता सगळा श्वास सोडा, निघेल तेवढा. ओठ मिटा. दाबा आणि हळूहळू आत ओढा. खोकू नका. धरून ठेवा, धरून ठेवा. आता सोडा."

मी सगळ्या दवाखान्यासमोर, उघड्यावर, सासऱ्यांच्या पुढ्यात पंप खडाखडा हलवला. दोनदा घेतला, मग आणखी दोनदा. घशाच्या पार खाली, जिथे औषध कधी पोचलंच नव्हतं तिथे काहीतरी गार उतरल्यासारखं वाटलं. गुडघा जरा उचलला गेला.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं. बराच वेळ ऐकत राहिले. त्यांनी विचारलं, रोज घेता का? मी मान हलवली. रोज असंच खोकता? मी परत मान हलवली.

"म्हणजे निम्मं औषध रोज बाहेरच," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला म्हणाले, "पण का?"

उत्तर मामांनी दिलं.

"आवाज दाबाया, डाक्टर. आमच्या घरात तिला लपवून घ्यावा लागायचा."

"कुणापासून?"

"माझ्यापासनं," मामा म्हणाले. "मी सासरा हाय तिचा."

माझी कोरोनाची तपासणी झाली, तिच्यात काही निघालं नाही. दाखला त्यांनी स्वतः लिहून, स्वतः बाहेर आणून दिला. सर्वेक्षणाच्या कामातून सूट, घरून फोनवर काम. खाली त्यांनी माझं नाव लिहिलं होतं, कांचन लवटे, वय, आजार. माझं नाव आणि माझा आजार एका कागदावर मी पहिल्यांदाच बघितले.

परतताना मामांनी घाटाच्या अलीकडे गाडी थांबवली. दोघेही उतरलो. बाभळीला पाठ लावून ते उकिडवे बसले आणि खाली माळाकडे बघत राहिले. त्यांना कधीपासून माहीत आहे, हे मला विचारायचं होतं, पण तेच आपणहून बोलायला लागले.

"पहिल्याच साली कळलं. तू न्हानीत जायचीस, नळ सोडायचीस. नळाखाली बादली असली म्हंजे येगळा आवाज येतो. हितं नुसतंच पानी फरशीवर. मग खोकायचीस. माझी आई अशीच खोकायची. तिला ह्योच आजार हुता."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"टँकरचं पानी वाया जाताना ऐकत बसवंना," ते म्हणाले. "अन् नळ बंद कर म्हनावं, तर तू दुसरं कायतरी काडलं असतंस. म्हनून रेडिओ आनला."

मी रडत होते की हसत होते, मलाच कळत नव्हतं. मी म्हटलं, एकदा विचारलं असतं तर?

त्यांनी बाभळीचा काटा उचलून मातीत रेघ ओढली.

"एकदा इचारलं हुतं की. तुझ्या बापाला. बिचाऱ्याला भंडारा उचलाया लागला. पोरीच्या बापानं काय करावं गं? त्याच्याकडनं खोटं म्या बोलवून घेतलं. तसला प्रश्न पुन्यांदा कुनाला इचारायचा न्हाई, असं ठरीवलं."

मग भावकीतल्या त्या बैठकीत तुम्ही काय म्हणालात, असं मी विचारलं. इतकी वर्षं तो प्रश्न माझ्या छातीत अडकलेला होता. ते म्हणाले, त्या पोरीला नेऊ नका म्हणून सांगितलं होतं, पण कुणी ऐकलं नाही. आज मला का सोडायला आलात, तेही विचारलं. दम्याच्या दाखल्याच्या यादीत तुझं नाव आहे हे जगताप मास्तरांकडून कळलं होतं, ते म्हणाले. तिथे डॉक्टरांना सगळं खरं सांगशील असं वाटलं होतं. नाही सांगितलंस, तर मीच आत जाऊन सांगणार होतो. "पन तुझा खोकला ऐकला अन् पायच चालंनात," ते म्हणाले. "लई भ्यालो."

मामांना भीती वाटते, हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर घर अगदी गप्प होतं. रेडिओ खिळ्यावर टांगलेला, पण बंद. मामा गोठ्याच्या दाराशी शेळीची धार काढत होते. मी न्हाणीतून सोड्याचा डबा आणला आणि अंगणात, तुळशीपाशी, उजेडात उभी राहिले. पंप हलवला. सकाळच्या शांततेत त्याची खडखड पार पारूकाकीच्या ओट्यापर्यंत गेली असेल. डॉक्टरांनी सांगितलं तसा घेतला, धरून ठेवला, सोडला. खोकले नाही.

पण मला ते फार सुनं सुनं वाटलं. त्या आवाजात मी इतकी वर्षं श्वास घेतला होता. मामांना बरं वाटेल म्हणून मी भिंतीपाशी गेले आणि रेडिओचं बटण फिरवलं. कांद्याचे भाव सुरू झाले.

"बंद कर गं त्यो," गोठ्यातून मामा म्हणाले. "इतकी वर्सं डोकं उठलंय माझं."

मी बटण फिरवलं. मग दुधाची चरवी घ्यायला गोठ्याकडे गेले.